बाभूळ, भात आणि वन

जंगल राखावे की शेती वाढवावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जणू एकाचे रक्षण म्हणजे दुसऱ्याची हानीच. छत्तीसगडची राजधानी रायपूर, तिच्या परिसरातील शेतकऱ्यांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेतातच जपले आहे.

रायपूरच्या मैदानात मुख्य पीक भाताचे. तेथील खाचरांत आणि बांधांवर आपोआप उगवलेल्या बाभळी शेतकरी जाणीवपूर्वक राखतात. बाभळीची पाने बारीक, त्यामुळे तिची सावली विरळ असते. तिच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. झाडाच्या अगदी जवळ भात कमी पिकतो, हे खरे. परंतु अवजारांसाठी लाकूड आणि चुलीसाठी सरपण घरच्या शेतातच मिळते. तेवढीच वनावरची कुऱ्हाड थांबते.

लाकूड ही समाजाची गरज आहे. ती नाकारून वनरक्षण होणार नाही. परंतु तिच्यासाठी वनालाच लाकडाचे शेत बनवणे हाही उपाय नव्हे. १९७० च्या दशकात बस्तरमधील सालवृक्षांची वने तोडून कागदाच्या लगद्यासाठी पाइनची झाडे लावण्याची योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने आखण्यात आली होती. सालाची पाने व बिया, मोहाची फुले, चारोळी आणि तेंदूपाने यांवर ज्यांचा निर्वाह चाले, त्या आदिवासींनी तिला विरोध केला. अखेर ती सोडून द्यावी लागली. एकाच जातीच्या झाडांच्या रांगा म्हणजे वन नव्हे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

२०२१ मध्ये छत्तीसगड शासनाने भाताऐवजी झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना तीन वर्षे दरसाल एकरी १०,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. शेतातून लाकूड मिळवण्याचा हा विचार स्तुत्य आहे. तथापि ज्याच्याजवळ दोनच एकर जमीन आहे, तो भात सोडून झाड मोठे होण्याची वाट कशी पाहणार? बाभळीचा धडा ‘भाताऐवजी झाड’ असा नाही. तो ‘भाताबरोबर झाड’ असा आहे. म्हणून बांधावरच्या झाडालाही साहाय्य मिळावे आणि ते तोडण्या-विकण्याची परवानगी सुलभ व्हावी. राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणानेही २०१४ मध्ये हीच दिशा दाखवली आहे.

लाकडाचा भार शेताने उचलला, तरच वनातील वैविध्य सुरक्षित राहील. मात्र त्यासाठी शेतकऱ्याच्या ताटातील भात कमी होता कामा नये.