सावकाराला तोंड होतं

शनिवारी जॉन फोर्डचा ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९४०) पुन्हा पाहिला. स्टाइनबेकच्या १९३९ च्या कादंबरीवरचा. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून उठतं आणि मोडक्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाला निघतं. त्यात मूली नावाचा शेतकरी घर पाडायला आलेल्या ट्रॅक्टरसमोर बंदूक घेऊन उभा राहतो. पण गोळी घालायची कुणाला? ट्रॅक्टरवर ओळखीचाच पोरगा. कंपनीचा माणूस बँकेकडे बोट दाखवतो, बँक त्याहून वर. शेवटी बंदूक खाली येते.

आपल्याकडे अशी गोष्ट पंधरा वर्षं आधीच पडद्यावर आली होती. बाबूराव पेंटरांचा मूकपट ‘सावकारी पाश’ (१९२५), कथा ना. ह. आपट्यांची, तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. १९३६ साली त्याचा बोलपटही निघाला. मूकपटाची प्रत मात्र आज उपलब्ध नाही, हे आपलं दुर्दैव.

दोन्ही कथांत एक मोठा फरक आहे. आपल्या सावकाराला तोंड होतं. म्हणूनच १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांना कुठल्या वाड्यात शिरून कर्जरोखे जाळायचे ते माहीत होतं.

आता घरची गोष्ट सांगतो. बार्शीजवळच्या आमच्या गावाहून मागच्या महिन्यात तात्यांचा, म्हणजे धाकट्या चुलत्यांचा, फोन आला. पीककर्जाची नोटीस आली होती. तात्या म्हणाले, “बाळा, तू कॉम्प्युटरवाला. ह्याच्यावर नाव कुणाचंच न्हाय. भेटू कुणाला?” शाखेत गेले तर साहेब म्हणे, सिस्टिममधून आलीय, आमच्या हातात काही नाही.

मी गप्पच बसलो. कारण दुसऱ्या एका बँकेसाठी अशीच सिस्टिम मी स्वतः लिहिली आहे. रात्री प्रोग्रॅम चालतो, थकीत खाती वेगळी काढतो, पत्रं छापायला पाठवतो. खाली ओळ असते, ‘संगणकीय पत्र, सहीची आवश्यकता नाही’. ती ओळ टाइप करताना मला काहीही वाटलं नव्हतं.

सावकार बरा होता, असं मी म्हणत नाही. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्याची सोय व्हावी म्हणून २०१४ साली राज्याला कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. बँकेचं व्याज कमी, हिशेब चोख. पण गाऱ्हाणं ऐकायला माणूसच नसेल तर त्या चोख हिशेबाचं तात्यांनी काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच, की अशा प्रत्येक नोटिशीवर एका जबाबदार माणसाचं नाव आणि फोन नंबर असलाच पाहिजे. फार तर दोन दिवसांचं काम आहे. आमचे मॅनेजर म्हणाले, क्लायंटने मागितलेलं नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.

तात्यांच्या नोटिशीचं अजून काही झालेलं नाही. असो.