प्लेटलेट्सचा आकडा आणि रक्तपेढीची वाट

पावसाळा सरत आला, की मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात आणि नातेवाइकांची पावले रक्तपेढ्यांकडे वळतात. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘प्लेटलेट्स किती?’ रुग्णाची प्रकृती या एका आकड्यावरून जोखण्याची सवय शहरी समाजाला जडली आहे. हा आकडा महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो अर्धीच हकिगत सांगतो.

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरमागे सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. रक्तवाहिनीला इजा झाल्यास तेथे गोळा होऊन रक्तस्राव रोखणे हे त्यांचे काम. डेंग्यूचा विषाणू त्यांच्यावर दुहेरी आघात करतो. अस्थिमज्जेतील त्यांची निर्मिती मंदावते आणि रोगप्रतिकार यंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रियेत रक्तातील तयार प्लेटलेट्सही नष्ट होतात. त्यामुळे तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आकडा झपाट्याने उतरतो. बहुतेक रुग्णांत तो आठवडाभराने आपोआप वर येऊ लागतो.

अनेक मृत्यूंमागचे खरे कारण वेगळेच असते. केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो. हा धोका बहुधा ताप उतरत असतानाच, म्हणजे घरच्यांना हायसे वाटू लागते त्याच सुमारास उद्भवतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेट्सबरोबर हिमॅटोक्रिटवरही नजर ठेवतात. पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये धोक्याच्या इशाऱ्यांत स्थान दिले.

प्लेटलेट्स चढविल्याने प्रश्न सुटतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवरील अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा २० हजार वा त्याखाली असूनही मोठा रक्तस्राव नसलेल्यांना प्लेटलेट्स दिल्याने पुढील रक्तस्राव टळला नाही; उलट त्यांच्यात दुष्परिणाम अधिक आढळले. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रक्तस्राव नसताना १० हजारांखालीच प्लेटलेट्स देण्याचा विचार सुचविला आहे. शिवाय त्या साधारण पाच दिवसच टिकतात. एकाने विनाकारण घेतलेली पिशवी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या दुसऱ्याच्या वाट्याची असू शकते.

पपईच्या पानांच्या रसाने प्राण वाचतात, याला ठोस आधार नाही. वैद्यकीय देखरेखीखाली योग्य प्रमाणात द्रवपदार्थ देणे हाच उपचारांचा कणा आहे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे लागते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या प्रौढांनी ती डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवीत. ‘प्लेटलेट्स किती?’ या प्रश्नासोबत ‘लघवी नीट होते का, रक्तदाब किती?’ हेही विचारले जाऊ लागले, तर रक्तपेढीपर्यंतची पुष्कळशी धावपळ वाचेल आणि धोकाही वेळीच ओळखता येईल.