चेक घ्या आणि बदलापूरला या, म्हणे!



गेल्या महिन्याभरात निदान दहा जणांनी मला एकच सल्ला दिलाय. चेक घ्या, बदलापूरला टू बीएचके घ्या आणि मोकळी हवा खा. सल्ला देणाऱ्यांपैकी चौघं स्वतः वाळकेश्वरला राहतात, हे आधीच सांगून टाकते.

प्रकरण असं आहे. सी. पी. टँकजवळची आमची चाळ उपकरप्राप्त आहे, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत. आता तिचा पुनर्विकास होतोय. बिल्डरने भाडेकरूंपुढे दोन वाटा ठेवल्यात. एक, ठरलेली रक्कम घ्या आणि कायमचे निघा. दुसरी, तीन-चार वर्षं भाड्याच्या जागेत काढा आणि मग इथेच नव्या घरात या. अशा इमारतींत भाडेकरूला नियमाने किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. आमची आताची जागा २४० आहे. त्यात सासूबाई, हे, मी आणि नववीतली लेक. संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. पाणी पहाटे येतं ते पावणेदोन तास.

धाकटे दीर-जाऊ सहा वर्षांपूर्वी बदलापूरला गेले. ६२० चौरस फूट, दोन बाथरूम, खिडकीतून डोंगर दिसतो. आमच्या ह्यांना तिथे गेलं की परत यावंसंच वाटत नाही. मलाही पहिल्या दिवशी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र मी जाऊबाईच्या मागेमागे हिंडले आणि घड्याळ बघत राहिले.

ती फोर्टात नोकरी करते. सकाळी पावणेसातला घर सोडते. शेअर रिक्षा, मग बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, मग चालत ऑफिस. संध्याकाळी पावणेसहाला सुटते आणि घराचं कुलूप उघडते तेव्हा आठ वाजलेले असतात. जाऊन-येऊन साडेचार तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एकशे बारा तास होतात, म्हणजे साडेचार दिवस आणि साडेचार रात्री गाडीत. जे ६२० फूट तिने विकत घेतलेत, त्यात ती सोमवार ते शनिवार जागेपणी जेमतेम तीन तास असते, आणि त्यातले दोन ओट्यापाशी.

आता आपल्या घरातल्या गोष्टीवर येते. आपण रात्री जेवत नाही. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि जून-जुलैत अगदी उशीर म्हणजे सव्वासातच्या आसपास. बदलापूरला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षातल्या एकाही कामाच्या दिवशी घरी बसून सूर्यास्तापूर्वी जेवता येत नाही. एकाही! हिवाळ्यात जाऊबाई ऑफिसातच साडेपाचला डबा उघडते. सकाळी सहाला केलेली पोळी आणि सुकी भाजी. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिने सासूबाईंकडे बघून आपणहून नियम घेतला होता, आणि तो पाळतेय बिचारी. पण सहा वर्षांत नवरा-बायको-मुलगा एकत्र जेवतात ते फक्त रविवारी. दिरांनी तर नियम सोडलाच. साडेनऊला घरी येतात, त्यांना काय बोलणार?

यावर आपल्या समाजातले लोक म्हणतात, अहो, नवीन संकुलात जैन मंदिर आवारातच असतं! मी त्या जाहिराती वाचल्यात. क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, आणि मग मंदिर. पण संध्याकाळच्या आरतीला तिथे असणार कोण? सगळं संकुल तर डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये दाराला लटकलेलं आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर चालत्या लोकलमधून माणसं पडून गेली, तेव्हा जाऊबाई त्याच मार्गावर मागच्या गाडीत होती. दीड तास फोन लागला नाही. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या आणि मी नुसती गॅलरीत येरझाऱ्या घालत होते.

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्या गावच्या बस्तीत पाठशाळा भरायची, तिथे श्रावकाची बारा व्रतं पाठ केली. परिग्रहाचं माप ठरवायचं म्हटलं की आपल्याला सोनं आठवतं. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे दोष सांगितलेत त्यात पहिलं नाव क्षेत्र-वास्तूचं आहे, म्हणजे जमीन आणि घर. सोनं त्याच्यानंतर येतं. आणि त्याला लागूनच दिग्व्रताचे दोष. दिग्व्रत म्हणजे कुठल्या दिशेला किती लांब जायचं याची हद्द स्वतःच घालून घेणं. लोभापायी ती हद्द वाढवली की तो दोष, त्याला क्षेत्रवृद्धी म्हणतात. लहानपणी मला हे व्रत फार विनोदी वाटायचं. गावाबाहेर गेलं तर पाप कसलं? आता कळतं. मोठ्या वास्तूसाठी माणूस रोजची हद्द वाढवतो, आणि वाढलेली हद्द त्याचा दिवस खाऊन टाकते. मी पंडित नाही, चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा. पण पर्युषणात या व्रतांवर तासभर प्रवचन ऐकून बाहेर मांडवात टू बीएचके की थ्री बीएचके याची चर्चा करणारे आपणच ना?

मोकळ्या हवेची गोष्टही काही आजची नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. तेव्हाचं ते उपनगर! गिरगावातले लोक तिकडे जायला कुरकुरत होते, असं सासरे सांगायचे, त्यांनी ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं. पण दादरहून माणूस अर्ध्या तासात फोर्टात पोचायचा. उपनगर शब्द तोच राहिला आणि अंतर मात्र ६८ किलोमीटर झालं.

चाळीचं गुणगान मी गाणार नाही. चाळ किती छान, सगळे कसे एका कुटुंबासारखे, असं लिहिणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात. सामायिक संडासापुढे गुडघेदुखीने उभी राहिलेली बाई असं लिहीत नाही. आणि भीती खरी आहे. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजाराजवळची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. आमच्यापासून चालत जाण्याएवढं अंतर. त्यानंतरचे सगळे पावसाळे आम्ही जिन्याचा आवाज ऐकत काढलेत. त्यामुळे ही इमारत पाडायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. ज्यांच्यापुढे दुसरी वाटच नाही, पगारात जिथे बसेल तिथे ज्यांना घर घ्यावं लागतं, त्यांच्याशीही माझं भांडण नाही. जाऊबाईशी तर नाहीच. तेव्हा या जागेत सहाजण होतो, कुणीतरी जायलाच हवं होतं. माझं भांडण आहे ते ज्यांच्यापुढे वाट आहे आणि तरी जे फक्त चौरस फूट मोजतात त्यांच्याशी.

कारण हे मोजतं कोण? आमच्याकडे आकडेमोड ह्यांनी केली, दिरांनी केली, ह्यांच्या मित्राने केली. उरलेल्या पैशाचं व्याजसुद्धा काढलं. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी आंघोळ करून, काठी घेऊन, दोन जिने उतरून एकट्या भुलेश्वरच्या मंदिरात जातात. दहा मिनिटांची वाट. फुलवाला त्यांना रस्ता ओलांडून देतो, परतताना त्या अर्धा तास खालच्या काकूंकडे टेकतात. बदलापूरला मंदिरात जायला रिक्षा लागते आणि रिक्षात बसवायला माणूस लागतं, जे तेव्हा गाडीत असणार. गेल्या उन्हाळ्यात त्या तिथे महिनाभर राहिल्या, तर दर्शन चार वेळा झालं. बाकी दिवस बाविसाव्या मजल्यावर खिडकीतला डोंगर बघत बसल्या. हे कुणाच्या हिशोबात नव्हतं.

गंमत म्हणजे भाडेपावतीवर नाव सासूबाईंचं आहे. संमतीपत्रावर सही त्यांची लागणार. आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! परवा मीच विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "अगं, चार वर्षं मी असेन की नसेन. पण तुझ्या लेकीला पुढे नोकरी करायचीय ना? तिने दिवसाउजेडी घरी येऊन गरम जेवावं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि भाड्याची खोली मंदिराजवळच बघा. मला जिने चालतील."

हे अजून गप्प आहेत. भाड्याच्या जागेसाठी बिल्डर देणार ते पैसे इकडच्या खोलीला पुरणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. दरमहा आम्हाला भर घालावी लागेल, आणि बिल्डरने काम रखडवलं तर किती वर्षं, ते सांगता येत नाही. त्यासाठी मी माझ्या दोन बांगड्या काढून ठेवल्यात, सोन्याचं माप तेवढंच कमी होईल.

भाडेकरूंची मीटिंग येत्या रविवारी चार वाजता आहे. मी सांगून ठेवलंय, साडेपाचला संपवा, मला स्वयंपाक आहे.