तीन नंबरच्या मोटरीचे रिवाइंडिंग पुन्हा बाहेर देण्याआधी कोअरची तपासणी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
उपसा सिंचन योजना

विषय : दुसऱ्या टप्प्याच्या पंपगृहातील तीन नंबरच्या मोटरीचे काम एका ओळीच्या अंदाजपत्रकावर ठेकेदाराला न देण्याबाबत.

संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतील चर्चा आणि पंपगृहावर आपण स्वतः दिलेले आश्वासन.

महोदय,

लाभक्षेत्रातील पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी व सभासद शेतकरी या नात्याने आम्ही हे निवेदन सादर करीत आहोत. आधीच्या अर्जांना पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहोत.

तीन नंबरची मोटर रब्बीच्या आवर्तनात पुन्हा जळाली. १,२५० किलोवॅट, ६.६ केव्हीची ही उभी मोटर याआधी दोनदा बाहेरून भरून आणलेली आहे. आता तिसऱ्यांदा तेच काम ‘मोटर रिवाइंडिंग, संपूर्ण’ एवढ्याच मजकुराच्या अंदाजपत्रकावर काढण्याची तयारी उपविभागात सुरू असल्याचे आम्हाला समजले. काम बाहेर देण्याला आमचा विरोध नाही. एवढी मोठी मोटर पंपगृहात भरता येत नाही, हे आम्हीही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, काय करून घ्यायचे हे न लिहिता काम दिले तर तिसरी खेपही जळणार.

हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. दोन्ही वेळा वाइंडिंग एकाच ठिकाणी गेले. टर्मिनल बॉक्सकडे तोंड करून उभे राहिले तर डाव्या हाताला, खालच्या बाजूचे तेच स्लॉट. मोटर उघडली तेव्हा आमचे सभासद तिथे हजर होते. त्यांच्यापैकी एक जण साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले आहेत. बोअरमध्ये हात घालून त्यांनी दाखवले : त्या जागेवरचे स्टॅम्पिंग निळे-काळे पडलेले, दोन-तीन दातांची टोके बाहेर फाकलेली आणि कडेला वितळलेल्या लोखंडाचा बारीक मणी. उरलेल्या कोअरचा रंग मात्र साधा होता. उपविभागाचे अभियंताही शेजारी उभे होते. त्यांनी मोबाइलवर फोटो घेतले. ते फोटो कोणत्याही अहवालाला जोडलेले आम्हाला दिसले नाहीत.

पहिल्या वेळी जुने वाइंडिंग कसे काढले, हे ठेकेदाराच्या शेडवर गेलेल्या आमच्या माणसांनी पाहिले आहे. भट्टी नव्हती. उघड्यावर गॅसच्या बर्नरने स्टेटर भाजला आणि कॉइल ओढून काढल्या. तापमान मोजणारे काहीही लावलेले नव्हते. साधारण ३७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की स्टॅम्पिंगवरचा इन्सुलेशनचा थर टिकण्याची खात्री राहत नाही. तो गेला की पत्रे एकमेकांना चिकटतात, त्यांतून भोवरा प्रवाह फिरतात आणि मोटरीवर लोड असो वा नसो, ती जागा तापत राहते. त्यावर कितीही चांगली तांब्याची कॉइल घातली तरी तिचे इन्सुलेशन तिथेच शिजणार. क्लास एफ म्हणजे १५५ अंशांची मर्यादा. त्याच्या वर दर दहा अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य जवळपास निम्मे होते. हे आपल्या कार्यालयातील प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे. तरीही दोन वेळा कोअरची तपासणी न करता नवे वाइंडिंग चढवले गेले.

तपासणी अवघड नाही. बोअरमधून केबलचे वेढे घेऊन कोअरला ठरलेला फ्लक्स द्यायचा आणि थर्मल कॅमेऱ्याने पाहायचे. जी जागा आजूबाजूपेक्षा दहा अंशांहून जास्त तापते, तिथले पत्रे चिकटलेले आहेत. जुने वाइंडिंग काढण्याआधी एकदा आणि काढून साफ केल्यावर एकदा, अशी ही लूप टेस्ट घ्यायची. दोन्ही वेळचा वॅटचा आकडा लिहून ठेवायचा. दुसऱ्या वेळी तो २० टक्क्यांहून जास्त वाढला तर आधी कोअर दुरुस्त करायचा, पत्रे बदलायचे, मगच तांबे आत घालायचे. मोटर उघडल्यावर काही तासांत होणारे हे काम आहे. ते न झाल्यामुळे आमची दोन आवर्तने गेली.

पहिल्या खेपेनंतर ठेकेदाराने जो टेस्ट रिपोर्ट दिला, त्याची झेरॉक्स आमच्याकडे आहे. त्यावर ‘मेगर ओ. के.’ एवढेच लिहिलेले आहे. किती व्होल्टचा मेगर, किती मिनिटे, त्या वेळी वाइंडिंगचे तापमान किती, काहीही नाही. एका मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे रीडिंग घेऊन पोलरायझेशन इंडेक्स काढलेला नाही. तो किमान २ यावा लागतो आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स ४० अंशांवर किमान १०० मेगाओहम. टर्न-टर्नमधला दोष पकडणारी सर्ज टेस्ट नाही. संपूर्ण नव्या वाइंडिंगला एक मिनिट द्यावयाची १४.२ केव्हीची हाय व्होल्टेज टेस्टही नाही. तरी बिल निघाले.

दुसऱ्या खेपेला आणखी एक गोष्ट झाली, तिचा आम्हाला सर्वांत जास्त राग आहे. वाइंडिंगमधले तापमान सांगणारे सहा आरटीडी या मोटरीत मुळापासून आहेत. मोटर परत आली तेव्हा त्यांतले दोनच पॅनेलला जोडलेले होते आणि ते अलार्म देतात म्हणून ट्रिप बायपास करून ठेवली होती. मोटर तापत असल्याचे सांगणारी एकच गोष्ट होती, तिचेच तोंड बांधले. ऑपरेटरने लॉगबुकात तशी नोंद केलेली आहे. बॉडीचा एक भाग हाताला चटका बसेल इतका तापतो, हे त्यानेच तोंडी कळवले होते. त्या गरीब माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी नव्हता.

साहेब, गणपतीच्या आधीच्या बैठकीत आपण म्हणाला होता, ‘या वेळी थर्ड पार्टी इन्स्पेक्शन केल्याशिवाय मोटर उचलणार नाही.’ मोटर उचलली, इन्स्पेक्शन झाले नाही. दिवाळीनंतर पंपगृहावर आपण आम्हा सर्वांसमोर सांगितले, ‘पुढच्या टेंडरमध्ये टेस्टची यादी घालू.’ आज जे अंदाजपत्रक फिरते आहे त्यात ती यादी नाही. आम्ही आपल्या शब्दावर विसंबून आवर्तनाचे नियोजन केले, सभासदांना तारखा दिल्या. त्यांना तोंड आम्हाला द्यावे लागते.

एक पंप बंद पडला की शेपटीच्या गावांना पाणी पोचतच नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर द्राक्षबागांना ज्या दिवसांत पाणी हवे असते, त्याच दिवसांत वितरिका कोरडी होती. टँकर विकत घेऊन बागा जगवाव्या लागल्या. वीजबिलातला आमचा १९ टक्के वाटा त्या आवर्तनाचाही वसूल झाला आहे. शिवाय भरलेल्या मोटरीची कार्यक्षमता एक टक्क्याने जरी घसरली, तरी चोवीस तास चालणाऱ्या या एका मोटरीला दिवसाला सुमारे ३०० युनिट जास्त लागतात. त्या युनिटचे बिलही आमच्या वाट्यात येते.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. वर लिहिलेली लूप टेस्ट वाइंडिंग काढण्याआधी व काढल्यानंतर, आपल्या अभियंत्यांच्या आणि आमच्या एका प्रतिनिधीच्या समक्ष व्हावी. कोअर दुरुस्तीचा दर टेंडरमध्ये वेगळा मागवावा, म्हणजे दोष सापडला तर ‘हे कामात नाही’ असे म्हणायला जागा उरणार नाही. जुने वाइंडिंग तापमान नियंत्रित भट्टीतच काढावे व भट्टीचा आलेख कामाच्या फाइलला जोडावा. भट्टी आणि व्हॅक्यूम प्रेशर इम्प्रेग्नेशनची टाकी ज्याच्याकडे नाही, त्याचा दर सर्वांत कमी असला तरी त्याला काम देऊ नये. वाइंडिंग काढताना टर्नची संख्या, तारेचे माप, पिच व जोडणी यांची नोंद व्हावी आणि एक जुनी कॉइल नमुना म्हणून विभागाने ताब्यात ठेवावी. सर्व चाचण्यांचे आकडे, तापमान आणि तारीख लिहिलेला अहवाल हाती आल्याशिवाय मोटर शेडबाहेर पडू नये.

२. गॅरंटी बिलाच्या तारखेपासून धरू नये. मागच्या वेळी मोटर पावसाळाभर योजना बंद असताना शेडमध्ये पडून होती आणि गॅरंटीचे महिने तिथेच संपले. पंपावर बसून पूर्ण लोडवर चालल्याच्या दिवसापासून गॅरंटी मोजावी व बिलाचा शेवटचा हिस्सा तोपर्यंत राखून ठेवावा.

३. सहाही आरटीडी जोडावेत, ट्रिप चालू करावी. बायपास करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे लेखी ठरवावे.

४. बंद काळात स्पेस हीटर चालू ठेवावा. सध्या त्याची केबल तुटलेली आहे.

५. निघालेले जुने तांबे वजन करून विभागाकडे जमा व्हावे.

६. पंपगृहाचे छप्पर गळते, ते पावसाआधी दुरुस्त करावे.

सदर अंदाजपत्रक मागे घेऊन नवे तयार होईपर्यंत मोटर पंपगृहातून हलवू नये, ही नम्र विनंती. ती हलवण्यासाठी क्रेन आली तर आम्ही सर्व सभासद पंपगृहाच्या फाटकावर शांततेने बसू, याची कृपया नोंद घ्यावी. या वेळी तोंडी आश्वासन आम्ही स्वीकारणार नाही. आपले लेखी उत्तर पंधरा दिवसांच्या आत मिळावे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद,
लाभक्षेत्रातील पाणी वापर संस्था

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. अधीक्षक अभियंता
मा. अध्यक्ष, कालवा सल्लागार समिती
मा. जिल्हाधिकारी

सोबत : ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स, लॉगबुकातील नोंदीची प्रत, आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या.