मोबाइलवरचे शतांश सेकंद किती खरे?

पोलिस भरतीची चाहूल लागली, की म्हसवड परिसरात पहाटेपासून धावण्याचा सराव सुरू होतो. एक मित्र धावतो, दुसरा शेवटच्या रेषेवर मोबाइल घेऊन उभा राहतो. स्क्रीनवर 12.47 दिसले, की पोरगा खूश. पण यातला शेवटचा '47' खरा असतो का? माझे मत स्पष्ट आहे : नसतो, आणि त्यावर विसंबणे महागात पडते. पोलिस शिपाई भरतीत पुरुषांच्या 100 मीटरला 15 गुण आहेत आणि ते वेळेच्या टप्प्यांवर ठरतात.

चूक कुठे होते?

फोनमधल्या घड्याळात नाही. क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ दिवसाला साधारण एक-दोन सेकंद चुकते. म्हणजे 12 सेकंदांच्या शर्यतीत त्याची चूक हजारांश सेकंदाहूनही कमी.

खरी अडचण त्यापुढे आहे. चांगले अॅप सुरुवातीला आणि शेवटी हे घड्याळ वाचते आणि वजाबाकी करते. कच्चे अॅप मात्र स्वतःच एकेक ठोका मोजत बसते. फोन दुसऱ्या कामात गुंतला, की ठोके उशिरा पडतात आणि चूक साठत जाते. बोट टेकल्याची नोंद व्हायलाही थोडा वेळ जातो. बऱ्याच फोनचा स्क्रीन सेकंदाला 60 वेळाच बदलतो, त्यामुळे पळताना दिसणारे सगळे शतांश तो दाखवूही शकत नाही.

सर्वांत मोठी चूक माणसाची. इशारा पाहून बोट हलायला सुमारे 0.2 सेकंद लागतात. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असतो, म्हणून बटण वेळेवर दाबले जाते. परिणामी, हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. म्हणूनच 100 मीटरच्या अशा वेळेत 0.24 सेकंद मिळवून तुलना करण्याची रूढ पद्धत आहे. 12.47 प्रत्यक्षात 12.7 असू शकते. या वेगाने ते अंतर जवळपास दोन मीटर होते!

मग करायचे काय?

शिट्टीच्या आवाजावर घड्याळ सुरू करू नका. 100 मीटर यायला आवाजाला सुमारे 0.3 सेकंद लागतात. हात किंवा झेंडा खाली येताना पाहून बटण दाबा. शतांश लिहू नका, वरच्या दशांशात धरा : 12.47 म्हणजे 12.5. हाताने घेतलेल्या वेळेसाठी अॅथलेटिक्सचा नियमही हाच आहे. त्यात 0.24 मिळवा. वही भरताना मन दुखेल, पण मैदानावर धक्का बसणार नाही.

शतांशाला किंमत नाही, असे नव्हे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचे कांस्यपदक एका शतांशाने हुकले. याच माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी 2016 मध्ये रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. पण तिथे बंदुकीला जोडलेले घड्याळ आणि रेषेवर कॅमेरा असतो, मित्राचे बोट नसते.

आकडे जास्त दिसले म्हणजे मोजमाप अचूक झाले, असे नाही. प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी हेच शिकवावे. सरावात अर्धा सेकंद हातात ठेवूनच मुलांना भरतीला पाठवावे.