भूकंपाने वेस पाडली, सरकारने सातबारा बघून पुन्हा बांधली



फ्रेंचांनी 1830 मध्ये अल्जीयर्स घेतलं. उतारावरच्या जुन्या कसब्याला खेटून त्यांनी स्वतःसाठी रुंद रस्त्यांचं नवं शहर उभारलं. (आपला 'कसबा' हा शब्दही मूळ अरबीच.) या वसाहतवादावर आपले पुरोगामी तासभर बोलतात. किल्लारी मात्र आपल्याच लातूर जिल्ह्यात आहे, मुरुडहून काही तासांवर. तिथल्या नव्या गावांवर कुणी बोलत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जावर लातूर-उस्मानाबादेतली 52 गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. कोरी जमीन, कोरा नकाशा! गावकुस पुसून टाकायची याहून मोठी संधी कोणती?

मग नियम आला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर 750. जातीचा कुठे उल्लेख नाही, असं साहेब लोक सांगतील. बरोबर आहे, गरजच नव्हती! मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बौद्ध, मातंग, सोबत गरीब मुस्लिम आणि भटके. भूकंपाने कुणाचा सातबारा मागितला नव्हता, सरकारने मागितला.

शेतकऱ्याला धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते, हा युक्तिवाद मी ऐकलाय. लागते ना! त्याला गोदाम द्या, गोठा द्या. पण झोपायला, पोरींना अभ्यासाला, बाळंतिणीला जागा किती, हे एकरांवर ठरतं का? मजुराच्या घरातली माणसं काय कमी असतात?

बाबासाहेबांच्या चळवळीने जुलै 1942 च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी केली. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ती पुन्हा आली, त्यासाठी वसाहत आयोग आणि शेतीला सरकारी जमीनही मागितली होती. म्हणजे प्रश्न नुसत्या भिंतींचा नव्हता, जमिनीचा होता.

डिसेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं झालं. पण पाटी बदलून 250 चे 400 होत नाहीत.

भीमनगरच्या कमानीसाठी आपली पोरं वर्गणी काढतात, काढू द्या. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा मागा आणि कुणाचं घर किती फुटांचं, गायरान कुणाच्या ताब्यात, ते लिहून काढा. दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.