फाशीपेक्षा अवघड

परवा आमच्याकडे नारायण पेठेत नातेवाईक मंडळी जमली होती. जेवणानंतर विषय बदलापूरवर गेला आणि मामा नेहमीच्या ठसक्यात म्हणाले, "असल्यांना भर चौकात फाशी द्या!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही. "हिचं काहीतरी वेगळंच असतं" हे वाक्य मग आलंच. म्हणून इथे लिहितेय, मामाही वाचतातच :)

मामा, फाशी कायद्यात आहे हो! २०१९ च्या दुरुस्तीने पोक्सोमध्ये ती आली. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांच्या आईवडिलांना तक्रार द्यायला तासन् तास पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, मग हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि कित्येकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याने ठाण्यात ताटकळणाऱ्या पुढच्या आईची सोय झाली का?

कायदा काय म्हणतो बघा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. कोर्टात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे, आरोपी समोर दिसू द्यायचा नाही. साक्ष तीस दिवसांत, खटला शक्यतो वर्षात. मागायचंच तर हे मागा! प्रत्येक ठाण्यात हे शिकलेला माणूस, पहिल्या दिवसापासून मुलासोबत एक आधारव्यक्ती आणि तारखांना लगाम. यात चौक नाही, घोषणा नाहीत, म्हणून कुणी मागत नाही.

आणि आपलं काय? केसरीवाडा आमच्या घरापासून चार पावलांवर. दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या अत्याचाराने गेली आणि १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा आला. केसरीने त्याला कडाडून विरोध केला, परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये म्हणून. टिळकांबद्दल आदर आहेच, पण इथे आगरकर बरोबर होते. परकं सरकार गेलं, "आमच्या घरात हात घालू नका" मात्र राहिलं.

तिला विचारूनच लिहितेय. आपल्याच नात्यातल्या एका मुलीने फार वर्षांपूर्वी घरात सांगितलं होतं. आपण काय केलं? तिला सुट्टीत तिकडे पाठवायचं बंद केलं, बस्. त्याचं ताट दिवाळीला तसंच मांडलं गेलं. वाढायला मीही होते.

पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. तेव्हा तो नव्हता, आज आहे. माहीत असून कळवलं नाही तर तो गुन्हा आहे, शाळेचा तसाच आपलाही. १०९८ हा नंबर फुकट लागतो.

फाशी मागायला काही लागत नाही, मामा. दिवाळीचं एक ताट उचलायला लागतं.

असो. रागावलात तर फोन करा, पण आधी तिला करा.